हा व्हायरस नाही

६ जानेवारी, सोमवार

आज आकांक्षाच्या पेन ड्राइव्हनं माझा अख्खा दिवस खाल्ला.

आकांक्षा मेळघाटातल्या आठवडी बाजारांवर पीएच.डी. करते आहे. धारणीकडे जीपगाड्या बदलत जाते, बाजारातल्या बायांशी बोलते, हातानं लिहून काढते आणि टाइप करायला माझ्याकडे साईनगरात आणून देते. आज तिसरं प्रकरण आणलं. तक्ते आणि फोटो पेन ड्राइव्हमध्ये होते. तो लावला आणि पाहता पाहता माझे सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले. एकही उघडेना. त्यात तिचा एकटीचा नाही, आणखी विद्यार्थ्यांचे प्रबंध आहेत.

"काय झालं वं?" ती म्हणाली. तिचा चेहरा एवढा उतरला, की तिला आधी चहा करून द्यावा लागला.

फाइली गेल्या नव्हत्या, लपल्या होत्या. एकेक करून बाहेर काढल्या. मान आखडली.

संध्याकाळी शेखर क्लासवरून आले. दहावी-बारावीला गणित शिकवतात. चपला काढता काढताच म्हणाले, "आज काम अडलं न तुझं?"

मी अजून काही बोललेही नव्हते. नऊ वर्षांच्या संसारात माणूस चेहरा वाचायला शिकतोच म्हणा. घरात आम्ही दोघंच, वाचायला दुसरा चेहराही नाही.

मी म्हटलं, चांगला अँटिव्हायरस घ्यायला पाहिजे.

"कॉम्प्युटरसोबत आलेला आहे न. पुरते तो."

"पुरला असता तर हे झालं असतं का?"

"पाहतो मी. तू परस्पर काही टाकू नको."

दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं टाइप करते, म्हणून स्वतःची हातानं लिहावीशी वाटतात. एवढं लिहिलं तर मानही मोकळी झाली.

८ जानेवारी, बुधवार

अँटिव्हायरस निवडणं हे साडी निवडण्यापेक्षा कठीण आहे. प्रत्येक जण म्हणतो, माझ्यासारखा मीच.

भावाला फोन लावला. चंदन शेंदूरजनाघाटला आमचा संत्र्याचा बगीचा पाहतो. तो म्हणाला, "फुकटचा टाक कोणताई. आमी फवारे मारतो न झाडाले, कोणत्याई कंपनीचा मारला तरी डिंक्या रोग याचा तो येतेच."

ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला तो दुकानवाला देवानंद म्हणाला, "ताई, पैशाचाच घ्या, नाहीतर पुन्हा माह्याकडंच यान."

आकांक्षाचं म्हणणं मला पटलं. "कोणता जास्त पकडते ते नको पाहू. पकडल्यावर तुले विचारते का, ते पाह्य. काही तर न विचारता कापत सुटतात, तुझी चांगली फाइलबी नेतात."

म्हणून मी विचारणारा निवडला. हिरव्या ढालीचं चित्र असलेला. एक महिना फुकट, मग ठरवायचं. शेखर "पाहतो" म्हणाले होते, पण ते पाहीपर्यंत आणखी दोन पेन ड्राइव्ह येतील.

दुपारभर तपासणी चालली. पेन ड्राइव्हवाला व्हायरस सापडला, त्याची पिलावळ सापडली. सगळ्यात शेवटी पिवळ्या रंगात एक वेगळी ओळ आली. इंग्रजीत होती. अर्थ असा, की हा व्हायरस नाही, निगराणी करणारं साधन आहे, तुम्ही स्वतः टाकलं असेल तर राहू द्या.

मी तर टाकलं नव्हतं. पेन ड्राइव्हसोबतच आलं असणार. त्यालाही बाकीच्यांसोबत क्वारंटाइन केलं. कोरोनात आपण बसलो होतो तसा बस म्हटलं एका खोलीत.

मन हलकं झालं. संध्याकाळी भरीत केलं, कळण्याच्या भाकरी टाकल्या.

एक लिहायचं राहिलं. काल अकोल्याला अर्ज पाठवला. तिथल्या एका खासगी कॉलेजच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर चालवायला बाई हवी आहे. आकांक्षाची मावसबहीण तिथे आहे, तिनंच कळवलं. बडनेऱ्याहून गाडीनं अप-डाऊन करता येईल. शेखरना अजून सांगितलं नाही. झालं तर सांगीन. आधी सांगितलं की ते काळजी करत बसतात. मागे मी डीटीपीच्या दुकानात जाणार होते, तर दसऱ्याला हा कॉम्प्युटरच घरी आणला. म्हणाले, "उन्हातान्हात काहून जातं? घरीच कर आरामात." सगळ्यांचे नवरे असे करतात का?

१० जानेवारी, शुक्रवार

शेखर आज दुपारीच घरी आले. डोकं दुखत होतं म्हणाले. बाम लावून देते म्हटलं, तर "नंतर" म्हणाले आणि सरळ कॉम्प्युटरवर जाऊन बसले.

"हे काय टाकलं तू?"

मी हिरव्या ढालीबद्दल सांगितलं. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांचा कधीच चढत नाही. "रागिणी, हे असे फुकटचे प्रोग्राम कॉम्प्युटर हळू करतात. मले विचारलं असतं तर?" त्यांनी ढाल काढून टाकली आणि लाल छत्रीवाला दुसरा टाकला. बराच वेळ बसले होते. मी चहा घेऊन गेले तर स्क्रीनवरची खिडकी बंद केली. "झालंच," म्हणाले.

मला वाईट वाटलं. बिचारे डोकं दुखत असताना माझ्यामुळे तिथे बसले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेखरनी साडी आणली. जांभळी, बारीक सोनेरी काठाची. मी परवा कामातून थोडा वेळ काढून ऑनलाइन साड्या पाहत होते, त्यात अगदी हीच मला आवडली होती. घ्यायची नव्हती, नुसती पाहत होते. कोणाजवळ बोललेही नव्हते.

हळदीकुंकवाला शेजारच्या बाया आल्या तेव्हा मी हे सांगितलं. "माह्या नवऱ्याले तर मले कोणता रंग आवडते हेई माईत नाई," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. "नशीबवान आहेस वं रागिणी."

मीही हसले. साडीचा रंग मला फार शोभतो. तरी नेसल्यावर क्षणभर अंगावर शहारा आला होता. थंडी आहे यंदा.

१८ जानेवारी, शनिवार

काल जेवताना शेखर मधेच म्हणाले, "अकोल्यात उन्हाळ्यात पाय ठेववत नाही. तिथं रोज जाऊन नोकरी करणारे लोक मले वेडेच वाटतात."

माझा घास हातातच राहिला. अकोल्याचा विषय कुठून आला? मी "हो न" म्हटलं आणि कढी वाढली.

या गावात अकोल्याचं फक्त आकांक्षाला माहीत होतं. आज तिला फोन केला. तू शेखरना काय सांगितलंस?

"मी? मी तर त्यांच्याशी दिवाळीपासून बोललीच नाई."

"मग त्यांना कसं कळलं?"

"मले काय माईत! तू मले चुगलखोर समजून राहिली का?"

बोलण्यात बोलणं वाढलं. मी म्हटलं, तुझा प्रबंध दुसरीकडून टाइप करून घे. तिनं फोन ठेवला. मैत्रीण म्हणून तिच्याशिवाय दुसरं कोणी नाही मला या गावात. पण विश्वास गेल्यावर काय उरतं?

२२ जानेवारी, बुधवार

लाल छत्री काही कामाची नाही. माझ्या कॉम्प्युटरवरून एका विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस गेला आणि विद्यापीठातल्या त्याच्या गाइडच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचला. तो दारात उभा राहून जे बोलला ते शेजारीपाजारी ऐकू गेलं. माझ्या कामाचं नाव खराब झालं.

म्हणून सोमवारी मी पुन्हा स्वतःच शोधलं. तिघांची तुलना वाचली. कोण किती जागा खातो, कोण कॉम्प्युटर हळू करतो, कोण पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर तपासतो. शेवटी निळ्या चौकोनाचा टाकला. त्यानं पेन ड्राइव्हवाला पुन्हा पकडला. आणि ती पिवळी ओळही पुन्हा आली. हा व्हायरस नाही.

तो पिवळ्या ओळीवाला परत आला होता! मी आकांक्षाचा पेन ड्राइव्ह तर त्यानंतर लावलाच नव्हता. काढून टाकला. मंगळवारी संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा हजर. घरात साप निघावा, मारावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात दिसावा तसं झालं.

आज शेखरना दाखवलं. ते ओळ वाचून लगेच हसले.

"हा चुकीचा इशारा असते. सगळे अँटिव्हायरस घाबरवतात, घाबरवल्याशिवाय विकल्या जाईन का? 'राहू द्या'वर क्लिक कर. पुन्हा विचारणार नाही."

मी क्लिक केलं. खरंच ओळ गेली.

मग त्यांनी कॉम्प्युटरला पासवर्ड टाकला. माझं टायपिंग नेहमीसारखं चालेल, फक्त नवीन काही टाकायचं किंवा काढायचं असलं की तो पासवर्ड लागेल. "म्हणजे कोणी घुसणार नाही," म्हणाले. मी विचारलं, काय ठेवला? "तुले काहून पाह्यजे? मले सांगत जा, मी टाकून देत जाईन."

बरोबर आहे. मीच तर सारखी काहीबाही टाकत होते.

२५ जानेवारी, शनिवार

आकांक्षा आली. भांडण विसरून आली असं वाटलं, पण ती बसली नाही, उभ्या उभ्याच बोलली.

"तुले जाचं नव्हतं तर माह्या बहिणीले काहून त्रास दिला? तिनं तिथं शब्द टाकला होता तुझ्यासाठी."

"कुठं जायचं नव्हतं?"

"मुलाखतीले. त्यांनी तुले मेल केला, तू उत्तर पाठवलं, प्रकृती ठीक नाही, मले ही नोकरी नको."

मी तिच्यासमोर मेल उघडला. आलेला मेल नाही. पाठवलेल्यात नाही. कचऱ्याची टोपलीही रिकामी. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी खोटं बोलत नाही हे तिला कळलं असावं, कारण ती खुर्चीवर बसली.

"हॅक झालं तुझं," ती हळूच म्हणाली.

ती गेल्यावर मी बराच वेळ विचार करत होते. व्हायरसनं फाइली खाव्यात, पैसे मागावेत, हे समजतं. पण व्हायरसला माझ्या अकोल्याच्या नोकरीशी काय वैर? माझी प्रकृती बरी नाही, हे त्याला कोणी सांगितलं?

२७ जानेवारी, सोमवार

शेखर क्लासला गेल्यावर ऑटो बोलावला आणि कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन देवानंदच्या दुकानात गेले. पंखा आवाज करतो असं सांगितलं. मग म्हटलं, तो पिवळा इशारा काय असतो तेही पहा जरा, पासवर्ड शेखरजवळ आहे.

त्यानं चहा मागवला, वायर जोडल्या, थोडा वेळ पाहिलं आणि मोकळेपणानं म्हणाला, "अव ताई, हे तर मीच टाकून देल्लं होतं. भाऊनं सांगतलं होतं न."

"काय सांगितलं होतं?"

"पोराले सांभाळाचं आहे म्हणून. काय टाइप करते, काय पाह्यते, कोणाले मेल करते, सारं भाऊच्या मोबाइलवर जाते. आजकालच्या पोराइचा भरोसा नाई. दसऱ्याले कॉम्प्युटर नेला तवाच टाकून घेतलं होतं. कोणत्या वर्गात आहे तुमचा?"

आम्हाला मूल नाही.

"सातवीत," मी म्हटलं.

"मंग तर पाह्यजेच," देवानंद म्हणाला.

चहा आला. मी तो पूर्ण प्याले. त्यानं विचारलं, "त्रास देऊन राहिलं असन तर काढून टाकू? पण काढलं का भाऊले तसा मेसेज जाते, एवढं सांगून ठेवतो."

"राहू द्या," मी म्हटलं.

परत येताना ऑटोवाला दोनदा विचारत होता, कुठं उतरायचं. मला साईनगर हा शब्द सुचत नव्हता.

३० जानेवारी, गुरुवार

दोन दिवस लिहिलं नाही.

आधी स्वतःला समजावलं, की देवानंदचा गैरसमज झाला असेल. म्हणून काल दुपारी कॉम्प्युटरवर मुद्दाम टाइप केलं, 'सोले-वांग्याची भाजी'. घरात ना सोले होते ना वांगी. मी ती कशी करायची हे शोधणारी बाई नाही, आईच्या हाताखाली शिकले आहे.

संध्याकाळी शेखर तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आला. "म्हटलं, सोले खाल्ले नाही यंदा."

मी शेंगा सोलायला घेतल्या. तो समोर बसून सोलू लागला. किती मायेनं सोलत होता. मला वाटत होतं, उठून शेंगा त्याच्या अंगावर फेकाव्या. आणि तेवढंच वाटत होतं, की त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावं, कारण दुसरं कोण आहे?

आता कळतं, साडी कुठून आली. काम अडलेलं कसं कळलं. मी आकांक्षाला चुगलखोर समजले.

कीबोर्डवर हात ठेवला की मागे कोणी उभं आहे असं वाटतं. चुकून एखादं अक्षर चुकलं तरी ते कोणीतरी पाहिलं असेल. दिवसभर प्रबंध टाइप करते, जेवणाचे प्रकार शोधते, देवाची गाणी लावते. चांगल्या बायकोनं जे टाइप करायला पाहिजे ते करते. तोही खूश आहे. या आठवड्यात त्यानं मला एकदाही काही विचारलं नाही. विचारायची गरजच नाही त्याला.

ही वही टेबलावरच असते. ती त्यानं कधी उघडली नाही. हिशेबाची आहे असं समजतो.

२ फेब्रुवारी, रविवार

चंदन आला. मृगबहाराच्या संत्र्यांची गाडी बाजारात लावून, आमच्यासाठी एक क्रेट घेऊन. शेखर जादा तासाला गेला होता. मी चंदनला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, म्हणून मला वाटलं, आता हा उठेल.

"मारते का तुले?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"बाहेर काही भानगड?"

"नाही रे."

"मंग?"

मी म्हटलं, त्यानं माझ्या नावानं नोकरी नाकारली.

"चुकलंच त्याचं," चंदन म्हणाला. "पण बाई, मी बाबाले काय सांगू? जावई पोरीले लय जीव लावते म्हणून घरी घेऊन आलो? अन् खरं सांगू का, तुझ्या वहिनीचा फोन मीबी पाहतो कधीमधी. त्यात काय एवढं?"

वहिनीला हे माहीत आहे का, असं मी विचारलं. तो उठला. शेखर आला तेव्हा दोघं अंगणात संत्र्याच्या भावावर बोलले. शेखरनं त्याला पोचवायला बसस्टँडपर्यंत गाडीवर नेलं.

मार असता तर वळ दाखवता आला असता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फोन घरी चार्जिंगला लावून ठेवला आणि पायी आकांक्षाच्या खोलीवर गेले. फोनमध्येही काही आहे की नाही, मला माहीत नाही. माहीत नसणंच वाईट. रस्त्यानं जाताना हात रिकामा वाटत होता, चोरी केल्यासारखा.

दार उघडल्यावर मी म्हटलं, "माझं चुकलं. तू नव्हतीस." आणि कोण होतं ते सांगितलं.

तिनं एकदम माझा हात धरला. मग संतापली. "पोलिसात जा. चाल, आत्ता जाऊ."

मला भीती वाटली. पोलिसात गेले तर संध्याकाळी कुठल्या घरी जाऊ? तिनं खोलीभर नजर फिरवली. तिच्या खोलीत एकच खाट आहे आणि खाली प्रबंधाचे गठ्ठे.

"मंग नुसती घरात बसून राहशीन का? त्याचा तो प्रोग्राम चालत राहीन, अन् तू सोले-वांगे टाइप करत राहशीन?"

मी म्हटलं, कोणताही अँटिव्हायरस टाकला तरी तो मलाच विचारतो, हे तुम्ही टाकलं आहे का? आणि पासवर्ड शेखरचा. कॉम्प्युटरच्या लेखी घरमालक तोच आहे. माझ्या बाजूनं बोलणारा अँटिव्हायरस निघालाच नाही.

"तर कॉम्प्युटर सोडून दे न," आकांक्षा म्हणाली. "अकोला काही कॉम्प्युटरच्या आत नाई. गाडीनं जाता येते."

११ फेब्रुवारी, मंगळवार

शेखर क्लासला निघाला आणि त्याच्या मागून मी निघाले. फोन घरीच. कागद आणि डिग्र्या पिशवीत. बडनेऱ्यापर्यंत ऑटो, पुढे गाडी. डब्यात रोज जाणाऱ्या बाया होत्या, त्यांनी सरकून जागा केली. कुठं काम करता, असं एकीनं विचारलं. "पाहते आहे," मी म्हटलं. मूर्तिजापूर गेलं तोपर्यंत मला तीनदा वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. तो घरी आला असेल. मी नाही हे पाहून शेजारी विचारत असेल.

कॉलेजच्या कार्यालयात पंजाबराव नावाचे अधीक्षक भेटले. माझं नाव ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"तुमीच तर नाई म्हणून कळवलं होतं. प्रकृतीचं कारण होतं."

"ते मी लिहिलं नव्हतं."

"मेल तर तुमचाच होता."

"मेल माझाच होता, सर. लिहिणारी मी नव्हते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. एवढंच माझ्या हाताशी होतं. बाजूच्या टेबलावरची बाई लिहायची थांबली.

"हं," पंजाबराव म्हणाले. "ती जागा तर भरली बाप्पा. आता काही करता येत नाई."

मी उठले. पिशवी उचलली. दारापर्यंत गेले, तर त्या बाजूच्या बाई म्हणाल्या, "सर, परीक्षा विभागाले माणूस पाह्यजे होता न, उन्हाळ्यापर्यंत?"

"तो मराठी टायपिंगवाला पाह्यजे."

"मला मराठी टायपिंग येतं," मी दारातूनच म्हटलं.

त्यांनी मला एका कॉम्प्युटरवर बसवलं आणि एक जुनं परिपत्रक दिलं. कीबोर्डवर हात ठेवले आणि मागे कोणीच नव्हतं. म्हणजे पंजाबराव होते, चांगले खांद्यावरून वाकून पाहत होते, पण ते पाहत आहेत हे मला दिसत होतं. हात आपोआप सुटले.

"बस, बस," ते म्हणाले. "सोमवारपासून या. उन्हाळ्यापर्यंतचंच आहे, पुढचं पुढं. आता घरी जा, नेमणुकीचं पत्र मेल करतो. तुमी होकार पाठवा."

"मेल नको, सर. पत्र हातात द्या. होकार इथंच लिहून देते."

"साहेबांची सही व्हाची आहे. येळ लागते."

"लागू द्या. मी बसते बाहेर."

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. त्या बाईंनी पाणी आणून दिलं. सही व्हायला दुपार कलली. पत्र घेतलं, होकार लिहिला, खाली नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

घरी पोचले तेव्हा शेखर दारात उभा होता. क्लास सोडून आला होता. हातात माझा फोन.

"कुठं होती तू?" आवाज तसाच, खालचा. "किती घाबरलो मी. सगळीकडं फोन लावले. चंदनले लावला."

"अकोल्याला गेले होते. नोकरी लागली. सोमवारपासून जाचं आहे."

मला वाटलं, मुलाखत, मेल, प्रकृती, काहीतरी बोलेल. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणित चुकल्यावर पोरं पाहतात तसा पाहत होता.

"केव्हा ठरलं हे? पण तिथं तर कुठंच काही नव्हतं..."

आणि थांबला.

"नव्हतंच," मी म्हटलं.

त्यानं मान वळवली. आत गेला, कॉम्प्युटरच्या खोलीचं दार लोटून घेतलं. मी हातपाय धुतले, भात टाकला. आतून माऊसचा आवाज येत होता, एकसारखा. शोधत होता. मी डाळीला फोडणी दिली तरी शोधत होता. मी ओट्याला टेकून उभी राहिले. सोमवारला अजून बरेच दिवस आहेत आणि तोवर हेच घर आहे. सोमवारनंतरही संध्याकाळी हेच आहे.

बऱ्याच वेळानं तो स्वयंपाकघराच्या दारात आला. डोळे लाल होते.

"रागिणी, आपण चांगला अँटिव्हायरस घेऊ. पैशाचा. जुनं सगळं पुसून टाकू. कोणता पाह्यजे तुले? या वेळेस तूच निवड. पासवर्डबी तुझाच ठेव."

तो खरंच म्हणत होता, असं मला वाटतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला माझ्या मनातलं माहीत नव्हतं आणि ते त्याला सोसत नव्हतं.

"तुमाले आवडन तो घ्या," मी म्हटलं, आणि ताटं मांडली. "मले सकाळची गाडी धराची राहीन."